एक किलोमीटर वगळून

शेवटी टेकचंदभाऊंनी आपल्या बिछायत केंद्रातल्या एकूण एक गंजाच्या, म्हणजे स्वयंपाकाच्या मोठ्या पातेल्याच्या, बुडाला लाल ठिपका दिला, आणि गावात कोणाचाही धर्म बुडाला नाही. पण हे झालंच नाही असं समजून आपण पुढे जाऊ, कारण टेकचंदभाऊंचंही म्हणणं तेच आहे. त्यांच्या मते गंज वेगळे कधी नव्हतेच, त्यामुळे ते एक होण्याचा प्रश्नच येत नाही. गावाचं नावही विचारू नका. भंडाऱ्याजवळच्या शहापूरहून आत वळणाऱ्या रस्त्यावर ते आहे, एवढं पुरे. गावकऱ्यांचा ठाम समज आहे की ही सगळी भानगड शेजारच्या गावात झाली.

तर अजून काहीच झालेलं नाही. तुळशीचं लग्न आटोपलं आहे, माणसांच्या लग्नांचा मोसम दारात उभा आहे, आणि टेकचंदभाऊंचा मुलगा अमर दुकानातल्या नव्या सोफ्यावर बसून घामाघूम झाला आहे.

सोफा राजाराणीचा होता. सोनेरी, पाठीवर दोन मोर, मोरांच्या डोळ्यांत दिवे. नुसत्या दऱ्या-सतरंज्या, गाद्या आणि स्वयंपाकाचे गंज भाड्याने देऊन आता भागत नाही, भंडाऱ्याचे डेकोरेशनवाले गाड्या भरभरून गावात येऊन राहिले, असं अमरनेच बापाला पटवलं होतं. टेकचंदभाऊ पटले, पण अट घालून. हा मोसम रिकामा गेला तर शटर खाली, आणि अमरने पुन्हा बुटीबोरीच्या कंपनीत जायचं. त्या कंपनीत अमर ठेकेदारीवर खोके बांधत असे. खोक्यांत काय असतं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

म्हणून मोबाइलवर पैसे भरून जाहिरात करायचं ठरलं. सोफ्याचा फोटो, त्यावर मोठ्या अक्षरांत 'आपल्या गावाचं, आपल्या माणसांचं बिछायत केंद्र'. अमरने बापाला समजावून सांगितलं की आपण म्हणू त्या भागातल्या लोकांच्या फोनवर ही जाहिरात झळकते. टेकचंदभाऊंनी डॉक्टरचं ऐकावं तसं ऐकून घेतलं.

"ज्याले दाखवाची त्याले दाखवते," ते म्हणाले. "ज्याले नाही दाखवाची, त्याचं काय?"

"त्याची बी सोय आहे जी."

"मंग बोडीपलीकडं नको दाखवू."

बोडी म्हणजे गावाचं छोटं तळं, आणि बोडीपलीकडं म्हणजे बौद्ध मोहल्ला. तिथल्या लग्नाकार्याला टेकचंदभाऊ बिछायत देत नव्हते असं नाही. देत होते. फक्त तिकडे जाणारे गंज वेगळे ठेवलेले होते आणि त्यांच्या बुडाला लाल ऑइल पेंटचा ठिपका होता. मी भेद मानत नाही, गिऱ्हाईक मानतो, असं टेकचंदभाऊ नेहमी सांगत. सोफ्याला ठिपका देता येत नाही ही त्यांची अडचण होती. एकदा तिकडचा नवरदेव त्यावर बसला की इकडचे बसायचे नाहीत, असा त्यांचा हिशोब.

अमरला वाईट वाटलं. कॉलेजात तो बोडीपलीकडच्या अनुपच्या डब्यातलं जेवला होता, आणि स्वतःचा भरलेला डबा घरी परत आणून भूक नव्हती म्हणून सांगितलं होतं. मग तो मनाशी म्हणाला, धंदा म्हणजे धंदा. तेवढ्यानं वाईट वाटणं थांबलं. हे वाक्य डोकेदुखीच्या गोळीसारखं आहे, आपण सगळेच घेतो.

त्याने नकाशा उघडला, मोहल्ल्यातल्या विहारावर बोट ठेवलं आणि 'वगळा' दाबलं. यंत्राने विचारलं, विहाराभोवती किती अंतर वगळू? कमीत कमी एक किलोमीटर. अमरला वाटलं, बरोबरच आहे, तेवढं असेलच.

इथेच घात झाला. दुकानात कोणी शिंकलं तर विहाराच्या ओट्यावरून "जपून" म्हणता येईल, इतकंच खरं अंतर. पण अमरच्या घरात जन्मापासून 'तिकडे' हा शब्द अशा आवाजात उच्चारला जाई, की त्याच्या डोक्यात मोहल्ला पार साकोलीच्या वाटेला लागला होता. यंत्राला बोडी ठाऊक नाही, त्याला गोल ठाऊक आहे. त्याने गोल मारला. गोलात शाळा आली, मारुतीचं देऊळ आलं, रेशन दुकान, ग्रामपंचायत, सगळं गाव आलं. नवा सोफा आणि त्यावर बसलेला अमरही आला. नक्की वगळू का, असं यंत्राने पुन्हा एकदा विचारलं. अमर म्हणाला, नक्की.

जाहिरात धावली. कारध्यात पोहोचली, भंडाऱ्यात पोहोचली, साकोलीपर्यंत गेली. फोन येऊ लागले. एका गृहस्थाला मोर डोळे मिचकावतात का हे विचारायचं होतं. दुसऱ्याला फक्त एक मोर पाहिजे होता. बिछायत कोणालाच नको होती, कारण आपल्याकडे बिछायत आपल्याच गावातून उचलायची रीत आहे. आणि आपल्या गावात जाहिरात दिसतच नव्हती.

अमरची सगळी मदार चंद्रकुमारजींवर होती. गावातलं मोठं घर, पोरगी राखीचं लग्न ठरलेलं. त्यांनी जे उचललं ते गाव उचलतं. एका सकाळी त्यांना नदीपलीकडच्या कारध्याहून साडूचा फोन आला, तुमच्या टेकचंदचा सोफा झकास आहे म्हणून. चंद्रकुमारजींनी आपला फोन चाळला. बायकोचा चाळला. मग शेजाऱ्यांचे. कोणालाच काही आलं नव्हतं. आता, या गावात आवतन चुकलं तर सख्खा भाऊ भावाच्या तेरवीला जात नाही. आणि इथे तर नदीपलीकडे आवतन गेलं होतं, दाराशी आलं नव्हतं!

त्या दिवसापासून दुकानात कोणी फिरकेना. लोक दुकानासमोरून जाताना नेमके पलीकडच्या कडुलिंबाकडे पाहून जात. कडुलिंबात पाहण्यासारखं काही नव्हतं. टेकचंदभाऊंनी एकाला हाक मारली, तर तो ऐकू आल्यासारखा थांबला आणि न आल्यासारखा निघून गेला. एका घराने दऱ्यांचं सांगितलेलं परत घेतलं. पुष्पाबाईंना, म्हणजे अमरच्या आईला, हळदीकुंकवाला बोलावणं आलं नाही. बाप शटरकडे पाही आणि पोरगा बापाकडे.

शेवटी अमरने नकाशा मोठा करून पाहिला. लाल गोलाच्या आत त्याला आपल्या दुकानाचं छप्पर दिसलं.  बापाला सांगायची हिंमत होईना.

सांगायची वेळही मिळाली नाही. दुपारी चंद्रकुमारजी चार माणसं घेऊन दुकानात शिरले. त्याच वेळी तिथे सुमनबाई बसल्या होत्या. गावचं डाकघर त्या एकट्याच चालवतात, शिक्काही त्याच मारतात आणि वाटपही त्याच करतात. मोरांच्या डोळ्यांचे जादा दिवे पार्सलने आले होते, त्यावर सही घ्यायला त्या बोडीपलीकडच्या आपल्या घरून आल्या होत्या. सोफा रिकामा होता. त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या.

"टेकचंद, माह्या घराले काहून वगळलं?" चंद्रकुमारजींनी उभ्या उभ्या विचारलं.

"वगळलं नाही जी. रेंज नसंन तुमच्या फोनले."

"त्याच फोनवर साडूनं तुह्या सोफ्याचा फोटू पाठवला. साडूले रेंज देते अन् मले नाही?"

मागच्या माणसांपैकी एकाने शटरच्या दांडीवर हात ठेवला. हेच आता खाली ओढायचं आहे का, असा तो हात होता. टेकचंदभाऊंनी पोराकडे पाहिलं. कंपनीची चूक आहे, एवढं म्हटलं असतं तरी अमर सुटला असता. पण समोर सुमनबाई पावती आणि पेन घेऊन बसल्या होत्या.

"काका, तुमाले नाही वगळलं," अमर म्हणाला. "बोडीपलीकडं वगळाचं होतं. गोल मोठा निंगाला."

आणि वाचकहो, काय व्हावं? चंद्रकुमारजींचा चेहरा खुलला! अस्सं होय, मग आधी सांगायचं ना, म्हणाले. शटरवरचा हात निघाला. कोणीतरी हसलं, कोणीतरी चहा सांगा म्हणालं. आलेलं वादळ एका वाक्यात शमलं. दुकान वाचलं होतं. फक्त अमरला, का कोण जाणे, मघापेक्षा जास्त भीती वाटू लागली.

"चहा राहू द्या," सुमनबाई म्हणाल्या. "आधी सही."

अमरने सही केली. सुमनबाईंनी पावती घडी करून थैलीत ठेवली आणि मग चंद्रकुमारजींकडे वळल्या. आवाज पत्रावरचा पत्ता वाचावा तसा.

"चंद्रकुमारभाऊ, तुमाले एक जाहिरात नाही आली, त तुमी चार माणसं घेऊन आले. आमाले पिढ्यानपिढ्या नाही येऊन राहिली. आमी किती माणसं आणाची होती?"

चहा सांगा म्हणणारा माणूस कडुलिंबाकडे पाहू लागला.

"माह्या थैलीत तुमच्या घराचं पत्र येते, तुमच्या पोराची नोकरीची ऑर्डर येते. पत्ता पाहून मी ते देतो, मोहल्ला पाहून नाही. मी बी मारला असता एखादा गोल तुमच्या घराभोवती, त?"

"बाई, सोफा तुमच्या पोरीच्या, खुशबूच्या लग्नाले देतो ना मी," टेकचंदभाऊ घाईने म्हणाले.

"खुशबूच्या लग्नाची बिछायत साकोलीहून सांगून झाली. तुमचा सोफा मले नाही पायजे. गंजाले ठिपके कायले देले, तेवढं सांगा."

टेकचंदभाऊंनी एक गंज उगाच सरळ केला. "गिनतीसाठी जी."

"मंग बाकीच्यायले काहून नाही? ते बिनगिनतीचे आहेत का?"

 पडदा सरकवून पुष्पाबाई आतून आल्या. त्यांच्या हातात लाल रंगाचा डबा आणि ब्रश होता.

"देऊन टाका जी सगळ्यायले," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "होऊन जाऊ द्या गिनती."

माणूस आपल्या खोट्यात असा सापडला की त्याला खोट्याप्रमाणे वागावंच लागतं. सगळ्यांदेखत टेकचंदभाऊ खाली बसले, गंज पालथा केला आणि ठिपका दिला. मग दुसरा. मग पराती, झारे, बादल्या. पाच माणसं उभी राहून पाहत होती आणि ब्रशचा तेवढा आवाज होता. एका मोठ्या गंजापाशी त्यांचा हात थांबला आणि रंग ओघळला.

"चुकलं सुमनबाई," ते म्हणाले.

हे शब्द तिथल्या सगळ्यांनी ऐकले. टेकचंदभाऊ आता म्हणतात, ते ब्रशबद्दल बोलत होते.

शटरवर हात ठेवणारा माणूस निघून गेला, मी भंडाऱ्याहून मागवतो म्हणत. जाऊ द्या. चंद्रकुमारजी मात्र उभेच राहिले. एक गंज उचलून त्यांनी बुडाचा ठिपका पाहिला, मग दुसऱ्याचा. राखीच्या लग्नाचा भात यातल्याच एखाद्यात शिजणार होता, आणि बोडीपलीकडून आलेला कोणता, ते आता कोणाच्या बापाला सांगता येणार नव्हतं. 

"आता कोनता कोनता, वळखूच नाही येत," चंद्रकुमारजी अखेर म्हणाले.

"मंग?" सुमनबाईंनी विचारलं.

"मंग काय. आन बे अमर, सगळेच आन." जरा थांबून, बाईंकडे न पाहता, ते पुढे म्हणाले, "आवतन तुमच्याकडं मी स्वतः घेऊन येतो."

"या," सुमनबाई म्हणाल्या. "चहा आमच्या घरी घ्या लागन." आणि त्या पुढच्या पत्त्यावर निघाल्या.

अमरने फोन काढला आणि विहाराभोवतीचा लाल गोल पुसून टाकला. अर्ध्या तासात गावभर फोन उजळले. बोडीच्या अलीकडे आणि पलीकडे एकच मोर एकाच वेळी झळकला.

मित्रहो, छोट्या दुकानदाराने जाहिरात जरूर करावी, पैसे भरून करावी. पण माणसं वगळण्यासाठी जो गोल काढतो, त्याने आपण कुठे बसलो आहोत हे आधी पाहावं. शेजारी जितका जवळ, तितके आपणही त्या गोलात जास्त आत असतो. शेजाऱ्याला आपल्यापासून तोडून आजवर कोणाचं गाव पुरं राहिलेलं नाही, आणि गाव नसेल तर दुकान कोणासाठी?

सबब, संबंधित कंपनीच्या मेहेरबान व्यवस्थापनास विनंती करण्यात येते की, 'वगळा' हे बटण दाबणाऱ्या प्रत्येक अर्जदाराने प्रथम त्या गोलाच्या मधोमध असलेल्या घरी समक्ष जाऊन चहा घ्यावा, व सदर घरातील कर्त्या बाईच्या सहीची पोच जोडल्याखेरीज बटण चालू होऊ नये. तसेच ही तरतूद पूर्वलक्षी प्रभावाने, अर्जदाराच्या पणजोबांपासून लागू करण्यात यावी.