देवाची वकिली

जुन्या हिब्रू धर्मग्रंथांत एका सज्जन माणसाची गोष्ट आहे. काही चूक नसताना त्याचं सगळं जातं, पोरंबाळंसुद्धा, आणि तो थेट देवालाच जाब विचारतो. ही गोष्ट शिकवता शिकवता प्राध्यापकांचे केस पिकले. समाचाराला आलेले मित्र त्या माणसाजवळ जमिनीवर नुसते गप्प बसले तोवर ठीक होते, तोंड उघडलं आणि माती खाल्ली, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पोरं ते परीक्षेत जसंच्या तसं उतरवायची आणि हे खूश होऊन मार्क द्यायचे.

मग त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी तापाने गेली. चिमी, अजून शाळेचं तोंडही न पाहिलेली. बहीण ना कोणाशी बोले, ना रडे. मशीनवर बसून लोकांचे कपडे शिवत राहायची. मेहुण्याने फोन केला, तुमचं ती ऐकते, येऊन तिला जरा बोलतं करा.

प्राध्यापक निघाले. अवाक्षर काढायचं नाही, असं वाटेत त्यांनी स्वतःला दहादा बजावलं. इतक्या वर्षांची विद्या आज कामी येणार म्हणून त्यांना जरा बरंही वाटलं. मग तसं वाटल्याची लाज वाटली. आणि लाज वाटण्याइतके आपण सज्जन आहोत, याचं पुन्हा बरं वाटलं. असा हा माणूस.

मशीनशेजारी ते फरशीवर बसले. खुर्ची होती, पण ग्रंथात जमीन म्हटलंय ना. थोड्याच वेळात पाय असे बधिर झाले, की साक्षात परमेश्वराने हाक मारली असती तरी उठता आलं नसतं. बहिणीने एकदा पाहिलं, उशी सरकवली आणि पुन्हा शिवायला लागली. प्राध्यापक गप्प. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटणं तेवढं चालू होतं.

दुपार कलली तेव्हा मशीन थांबलं. खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "माझ्या पोरीनं काय बिघडवलं होतं?"

झालं. प्राध्यापक सुटले. हा प्रश्न फार जुना आहे म्हणाले. दुःख म्हणजे शिक्षा, हे एक मत. परीक्षा, हे दुसरं. माणसाची बुद्धीच तोकडी, हे तिसरं, आणि त्यावर तर त्यांचा स्वतःचा लेख होता, तोही त्यांनी थोडक्यात सांगितला. थोडक्यात म्हणजे त्यांच्या थोडक्यात. दारातून मेहुणा हातवारे करत होता; यांना वाटलं, जरा मोठ्याने बोला म्हणतोय.

"दादा," बहीण म्हणाली, "मी तुला नव्हतं विचारलं. त्याला विचारलं होतं. तू कशाला उत्तर देतोयस?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण. ज्या मित्रांना वर्गात जन्मभर झोडपलं, ते निदान बरेच दिवस तरी गप्प होते. यांना एक दुपार निभावता आली नाही. गोष्टीच्या शेवटी देव चिडतो तो जाब विचारणाऱ्यावर नाही, आपली वकिली करणाऱ्यांवर, हेही यांनीच शिकवलेलं.

सावरून घ्यायला गेले, तर "चिमी" एवढंच बाहेर पडलं. पाठीवर चढून 'मामा, घोडा हो' म्हणणारी ती पोर आता नाही, हे त्यांनी तोवर स्वतःला कळूच दिलं नव्हतं. ते ढसाढसा रडले. "का नेलीस रे तिला?" म्हणाले, आणि हे ते बहिणीला विचारत नव्हते.

बहीण उठली आणि त्यांच्याशेजारी फरशीवर येऊन बसली.

"परत विचार," ती म्हणाली. "जोरात विचार." आणि तिलाही रडू फुटलं.