निर्जंतुक वाळू

“ठोकू नका हो, दाबा. आतली बी चेचली, तर बसाल कपाळाला हात लावून.”

“अगं, व्हाइसचा दांडा माझ्या हातात आहे की तुझ्या?”

“दांडा तुमच्या हातात, पण जीव माझा टांगणीला लागलाय.”

त्याने टेबलाच्या कडेला आवळलेल्या त्या लोखंडी पकडीचा दांडा आणखी केसभर फिरवला. जर्दाळूची कोय कट्ट असा आवाज करून शिवणीवर उकलली आणि आतली बदामी रंगाची, सपाट, टोकदार बी स्वयंपाकघराच्या टेबलावर पसरलेल्या फडक्यावर पडली. बायकोने ती चिमटीत धरून दिव्याकडे नेली, उलटसुलट पाहिली आणि बशीत ठेवली. शस्त्रक्रियेची हत्यारे निर्जंतुक करण्याच्या खोलीत तिची सारी नोकरी गेली होती. वस्तू कशी धरावी, हे निवृत्तीनंतरही तिच्या बोटांना विसरता आले नव्हते.

तो फ्रीज दुरुस्त करीत असे. माणूस स्वभावाने संथ आणि धंदा गारव्याचा, म्हणून गल्लीने त्याला ‘थंडोबा’ हे नाव केव्हाच देऊन टाकले होते, आणि त्यानेही ते कुरकुर न करता घेतले होते. बायको मात्र भांडणातसुद्धा ते नाव वापरीत नसे. लेक वापरी. “थंडोबा, जेवायला चला,” असे ती दारातून ओरडे आणि आईचा धपाटा चुकवून पळे.

कोया लेकीच्या झाडाच्या होत्या. शाळेत जाण्याच्या वयात तिने खाऊन उरलेली एक कोय जुन्या भाड्याच्या घराच्या अंगणात, नळाशेजारी, बोटाने खड्डा करून पुरली होती. तिचे झाड झाले. ते फळण्याआधी लेक गेली. एका साध्या शस्त्रक्रियेनंतर जखम चिघळली आणि विष रक्तात पसरले. पुढच्या वर्षी झाडाला पहिला बहर आला. त्यानंतर काही वर्षांनी घरमालकाने गाड्यांसाठी पत्र्याची शेड घालायला म्हणून, फळे अंगावर असतानाच, झाड तोडले. शेजारणीने पिशवीभर फळे आणून दिली, तेव्हा ही दोघे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला आलेली होती.

फळे संपली, कोया उरल्या. जर्दाळूच्या बीला उगवण्यापूर्वी दीर्घ थंडी सोसावी लागते, नाहीतर कितीही पाणी घाला, ती झोपूनच राहते. थंडी पुरवणे हा त्याच्या हातचा मळ होता. मागल्या हिवाळ्यात त्याने अर्ध्या कोया फोडून आतल्या बिया ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि फ्रीजमध्ये ठेवल्या. पण ओलाव्याबरोबर बुरशी येते, याचा हिशेब त्याने धरला नव्हता. फडके उघडले तेव्हा आत काळा चिखल होता. बायकोने हात धुतले, पुसले, आणि पुन्हा धुतले.

आता जे काही उरले होते, ते या बशीत होते.

“या वेळी वाळू,” तो म्हणाला. “धुतलेली. फडकं नाही.”

“आणि बुरशी?”

“बघू.”

“‘बघू’ म्हणजे काय? मागच्या खेपेला बघितलंच की!”

त्याने बिया ओलसर वाळूत मिसळून काचेच्या बरणीत भरल्या, झाकण लावले आणि बरणी फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मागच्या भिंतीला टेकवून ठेवली.

तो हिवाळा त्याच्या आयुष्यातल्या बऱ्या हिवाळ्यांपैकी होता. कामावरून आला की बूट काढण्याआधी तो फ्रीज उघडी आणि झाकणाला हात न लावता बरणी काचेतून न्याहाळी. वाळू स्वच्छ होती. पांढरा धागा नाही, काळा ठिपका नाही.

“अगं, बघ तरी! बुरशीचं नाव नाही.”

“हो का?” ती गालातल्या गालात हसे.

“हसतेस काय?”

“काही नाही. कोंब येऊ देत, मग सांगते.”

हिवाळा सरत आला, तशी एक गोष्ट त्याला खुपू लागली. बरणीत असतानाच काही बियांना पांढरी मुळे फुटायला हवी होती; एकीलाही फुटली नाहीत. त्याने थर्मोस्टॅटवर संशय घेतला, दाराचे रबर बदलले, कप्प्यात तापमापक ठेवला. माणसाला जे काम येते, त्यातच तो चूक शोधतो. दुसरीकडे शोधण्याची त्याला वाट ठाऊक नसते. फ्रीजमध्ये दोष नव्हता. अखेर ऊन तापू लागल्यावर त्याने बिया तशाच कुंड्यांत लावल्या आणि कुंड्या खिडकीत ओळीने मांडल्या.

आठवडे गेले. समोरच्या गच्चीवर कुणीतरी टाकलेल्या भोपळ्याच्या बियांनी वेल धरला. कुंड्यांतली माती नुसती ओली होत होती आणि वाळत होती. एका सुटीच्या सकाळी, बायको अंघोळीला गेलेली पाहून, त्याने कडेच्या कुंडीत बोट घातले आणि एक बी वर काढली. चिमटीत धरताच तिची साल सुटून आली. आतला गर शिजलेल्या दाण्यासारखा मऊ होता. दाबल्यावर त्याचे पीठ झाले. कुजलेली बी त्याने पाहिली होती. ही कुजलेली नव्हती.

“उकरताय कशाला?” ती ओल्या केसांना टॉवेल गुंडाळीत दारात उभी होती. “झोपलेल्या लेकराला कुणी हलवतं का?”

त्याने मूठ मिटली.

“मुळं धरलीत का, बघत होतो.”

“धरतील. न धरायला झालंय काय?” ती खुर्चीवर बसली. “आता माझ्या पोटात राहत नाही, सांगूनच टाकते. तुम्ही बरणी भरलीत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी, तुम्ही कामावर गेल्यावर, मी सगळं बाहेर काढलं. वाळू, बरणी, झाकण, बिया. सगळं खळाखळा उकळलं. आम्ही हत्यारं उकळायचो ना, अगदी तस्सं. एक जंतू शिल्लक ठेवला नाही. मग गार केलं, होतं तसं भरलं. तुम्हाला पत्ता तरी लागला का?”

“नाही.”

“बुरशीची काय बिशाद होती यायची!”

उकळलेली बी उगवत नाही हे शेंबड्या पोरालाही कळते, आणि तिला कळत नव्हते असे म्हणणे हा तिच्या बुद्धीचा अपमान होईल. पण भीती ज्ञानाचा सल्ला घेत नाही. लेकीची शस्त्रक्रिया तिच्याच रुग्णालयात झाली होती. त्या दिवशीची हत्यारे तिच्या हातून उकळून गेली होती की दुसऱ्या पाळीतल्या बाईच्या, हे तिला कोणी विचारले नाही. तिने स्वतःला मात्र विचारणे कधी सोडले नाही. तेव्हापासून या घरात कंगवे उकळत, चमचे उकळत, बाहेरून आलेली प्रत्येक लहानसहान वस्तू उकळत्या पाण्यातून जाई. लेकीचे म्हणून जे उरले होते, ते जंतूंच्या हाती पुन्हा द्यायला ती तयार नव्हती, इतकेच. आणि आता तिला खरे सांगायचे म्हणजे या वेळी हात कोणाचा होता, याचे उत्तर तिच्यापुढे ठेवायचे.

ती त्याच्याकडे बघत होती. शाबासकीची वाट पाहत होती, हे उघड होते; पुष्कळ वर्षांत तिने कशाचीच अशी वाट पाहिली नव्हती.

“म्हणूनच,” तो म्हणाला. “म्हणूनच बुरशी आली नाही.”

वाक्य खरे होते. त्यात वावगा शब्द नव्हता. मिटलेली मूठ घेऊन तो न्हाणीघरात गेला आणि नळ सोडून त्याने ती धारेखाली उघडली.

दुसऱ्या दिवशी कामावरून परतताना तो वाट वाकडी करून एका रोपवाटिकेत शिरला.

“जर्दाळू? कलम घ्या काका, लवकर फळतं,” रोपवाला म्हणाला.

“कोयीपासून उगवलेलं हवंय. लहान.”

“कोयीचं? त्याचा काय भरवसा! आई गोड, पोर आंबट. आहे म्हणा एक, पण मी कुणाला देत नाही, उगाच शिव्या खाव्या लागतात.” त्याने कोपऱ्यातून वीतभर उंचीचे रोप आणले. “कशाला हवंय?”

“घरी बिया लावल्यात. उगवत नाहीत.”

“मग द्या की त्यातच खोचून! झाडाला काय तोंड आहे, सांगायला?”

पिशवीतले रोप हातात धरून तो फाटकापर्यंत चालत गेला. पाने लालसर, कोवळी, नीट दातेरी होती. बायको रोज सकाळी या पानांवरून ओले बोट फिरवील, त्यांच्याशी बोलेल, कदाचित लेकीच्या नावानेही हाक मारील. आणि हे रोप, दुसऱ्याच कुठल्या तरी झाडाची लेक, ती हाक ऐकत वाढत जाईल. काही न सांगणे आणि खोटे दाखवणे यांत फरक असतो, असे त्याने स्वतःला बजावले. तो फरक फार मोठा आहे, असे त्याला स्वतःलाही वाटले नाही. तरी तो मागे फिरला आणि रोप जागच्या जागी ठेवले.

“का हो, कीड दिसली?”

“नाही,” तो म्हणाला. “चांगलं आहे.”

उन्हाळा पुढे सरकला. गल्लीतल्या लोकांचे फ्रीज एकामागून एक बंद पडू लागले आणि ‘थंडोबा, जरा येता का’ म्हणून हाका वाढल्या. तो दमून येई, पण सकाळी कुंड्यांना पाणी घालण्याचा नेम चुकवीत नसे.

“अजून कसं नाही हो?” ती एके दिवशी म्हणाली.

“हट्टी जात आहे. वेळ घेते.”

“आपण असू ना तोवर?”

तो कुंडीतला खडा वेचत राहिला.

“तुमचं आपलं नेहमीचंच. विचारावं एक, आणि हे गप्प.” तिने त्याच्या हातात पाण्याचा जग दिला. “घाला. उकळून गार केलंय.”

त्याने जग घेतला. एकेका कुंडीत तो थोडे थोडे पाणी ओतीत गेला, माती ते शोषून घेईपर्यंत थांबला, आणि मग सगळ्या बाजूंना सारखे ऊन मिळावे म्हणून प्रत्येक कुंडी त्याने हलक्या हाताने पाव वळसा फिरवून ठेवली.