उशिरा येणारा हात

मोठ्या तापातून उठल्यापासून कावेरीचा उजवा हात उशिरा येतो. माझी चार वर्षांची पोर. पेला दिसतो, ती हात पुढं करते, पण हात पोचेपर्यंत तिचा धीर सुटतो. मग झेप घेते नि पेला आडवा. औरंगाबादचे डॉक्टर म्हणाले, शिकेल, तुम्ही मदत करू नका. वर्ष झालं. तरी मी रोज तिचं मनगट धरते. सांडलेलं पुसून पुसून जीव शिणलाय.

संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात धाकटा दीर रवि मला पाटोद्याहून बीडला, त्याच्या कॉलेजच्या प्रदर्शनात घेऊन गेला. "वैनी, पुण्याहून मशीन आलंय. डोक्याला टोप, हाताला मोजा. आत आपलाच हात दिसतो."

टोप जड होता. आत निळी खोली, टेबल, टेबलावर पेला. मी हात पुढं केला. आतला हात जागचा हलेना, म्हणून आणखी पुढं नेला. तेवढ्यात तो आला नि पेल्याच्या पार पलीकडं गेला. मूठ मिटली ती हवेत.

"लई घाई तुमाला," रवि हसला. "मशीन मागं चालतंय. हात हलला की चित्र काढायला त्याला टाइम लागतो."

तीनदा चुकले. चौथ्यांदा मशीनवरच्या मुलीनं माझं मनगट धरून हात पेल्याकडं नेला. मग तर आतला हात कुठून कुठं जायला लागला. त्यातलं हलणं माझं किती, तिचं किती, कळेना.

"सोडा," मी म्हणाले. "माझं मला करू द्या."

थोडा हलवला. थांबले. हात आला. पुन्हा थोडा. पेला उचलला तेव्हा पाठ घामानं भिजली होती. येताना एसटीत मी कावेरीचं मनगट धरणारा माझा हात बघत बसले.

घरातल्या लेकीनं पहिला तिळगूळ आजीला उजव्या हातानं द्यायचा, ही आमच्याकडची रीत. संक्रांतीला सासूबाईंनी सवयीनं कावेरीचं मनगट धरायला हात उचलला.

"धरू नका, आत्याबाई," मी त्यांना म्हणाले.

"कावून? सांडंल की. सणाचं सांडलेलं चांगलं न्हाई."

"सांडू द्या. तुम्ही तळहात तेवढा पसरून ठेवा."

मी माझे हात मांडीखाली दाबले. कावेरीचा हात निघाला, मधेच थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी हलले नाही. लाडू निसटला, फरशीवर फुटला.

सासूबाईंनी तळहात मागं घेतला नाही. दुसरा लाडू उचलायलाच कावेरीला कितीतरी वेळ लागला.

"ये तुझ्या टायमानं," त्या म्हणाल्या, "मला कुठं एसटी धरायचीय."

हात निघाला होता.