नवव्या सर्गाची आठ पानं

मी शाळेच्या वाचनालयातला एक जुना ग्रंथ आहे आणि मित्रांनो, मला माझं वय मुळीच लपवायचं नाही. माझ्या पोटात चिलखती वीरांचं महाकाव्य आहे. बारापैकी अकरा सर्गांत तलवारी खणखणतात. नवव्यात मात्र एक वीर तलवार खाली ठेवतो. गावाच्या बदल्यात तो ड्रॅगनसमोर एकटा उभा राहतो, कुशीत घाव घेऊन मरतो आणि तिसऱ्या पहाटे जिवंत होतो.

भाषेच्या बाई हा सर्ग वर्गात वाचायच्या. "कवीने नाव घेतलेलं नाही," त्या म्हणायच्या, "पण कुशीतला घाव बघा, तिसरी पहाट बघा. हा चिलखतातला येशू ख्रिस्त आहे. याला रूपक म्हणतात."

"पण बाई, मेला तर जिंकला कसा?" पहिल्या बाकावरच्या चष्मेवालीने विचारलं.

"पाठ कर. मग तूच मला सांग."

तिच्या नादाने अख्ख्या वर्गाने सर्ग पाठ केला.

मग नवे मुख्याध्यापक आले. "मुलांना लढणारे वीर हवेत. हा मार खाणारा कशाला? काढा ही पानं!"

बाईंनी साफ नकार दिला. त्यांचा वर्ग काढून घेऊन त्यांना सामानाच्या खोलीत याद्या करायला बसवलं. शाळेची पुस्तकं शिवणाऱ्या बाइंडरकाकांनी मान खाली घालून माझी आठ पानं कापली. दुखलं. पण लाज मला वाटली नाही. ती कापणाऱ्यांनी बाळगावी.

आठवड्याभरात चष्मेवाली काकांकडे आली. हातात आठ कागद. वर्गाने आठवून आठवून लिहिलेले, वेड्यावाकड्या अक्षरांत, शाईच्या डागांसकट. काकांनी ते दुहेरी दोऱ्याने माझ्यात शिवले.

"कुणाला विचारून?" मुख्याध्यापक कडाडले.

"साहेब, काढा म्हणालात, काढली. शिवू नका असं कुठं म्हणालात?"

मुख्याध्यापकांनी उभ्याउभ्याच ती पानं वाचली. बराच वेळ वाचली. मग मला फळीवर ठेवून गेले. बाईंना मात्र वर्ग परत मिळाला नाही. तो राग मी अजून गिळलेला नाही.

मित्रांनो, जुन्या पुस्तकांची कीव करू नका. आम्हांला उघडा, आमच्याशी कडाकडा भांडा, समासात प्रश्न लिहा. पण कुणी पातं घेऊन आलं, तर गप्प बसू नका. मी बसणार नाही.