शेऱ्याचा रकाना

सुहासिनीबाईंना इंग्रजी येत नव्हतं. पण टीव्हीवरचा माणूस खोटं बोलतोय हे कळायला इंग्रजी कशाला लागतं, असं त्यांचं म्हणणं होतं. नागपुरात सव्वीस वर्षं खानावळ चालवलेली बाई. पहिला घास तोंडात गेला की समोरच्याचा चेहरा बघून त्या सांगत, याला भाजी आवडलेली नाही, पण विचारलं तर छान आहे म्हणेल. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. माणसं वाचायचं मात्र कुणी सोडवू शकलं नाही.

मुलाकडे अमेरिकेत, ट्रॉयला त्या दोन वर्षांतून एकदा, सहा महिन्यांसाठी येत. या खेपेला निवडणुकीचं वर्ष होतं आणि नात रुचा कॉलेज सांभाळून एक नोकरी करत होती. राष्ट्राध्यक्षपदाला उभ्या असलेल्या एका उमेदवाराच्या प्रचार कचेरीची. काम काय, तर घरच्या बेसमेंटमध्ये बसून टीव्ही बघायचा.

"टीव्ही बघायचा पगार?" सुहासिनीबाईंनी विचारलं होतं. "मग तुझी आई इतकी वर्षं फुकट काहून बघते?"

"आजी, इट्स सीरियस वर्क, यार!"

होतं खरंच सीरियस. तीन पडदे, तीन स्थानिक चॅनलं. बातम्यांत उमेदवाराचं नाव आलं की रुचा वेळ टिपायची, किती सेकंद दाखवलं, कोण काय बोललं, मागे फोटो कोणता लावला. तेवढा तुकडा कापून ठेवायची. मग पत्रकात खूण. उमेदवाराला फायद्याचं असेल तर अधिक, तोट्याचं असेल तर वजा, ना धड इकडे ना तिकडे तर शून्य. सगळ्यात शेवटी एक रिकामा रकाना, काही जास्तीचं सांगायचं असेल तर. संध्याकाळी सातच्या आत पत्रक मुख्य कचेरीत नकुल नावाच्या तिच्या वरिष्ठाकडे पोचलंच पाहिजे. आणि सगळ्या राज्यांची पत्रकं एकत्र होऊन सकाळी उमेदवाराच्या टेबलावर जातात, असं रुचाने पहिल्याच दिवशी जरा तोऱ्यात सांगितलं होतं.

"साहेब स्वतः वाचतो?"

"हो... म्हणजे, वाचत असेल ना. एव्हरी मॉर्निंग."

हे 'साहेब स्वतः वाचतो' सुहासिनीबाईंनी पदराला गाठ मारून ठेवलं.

पहिले काही दिवस त्या नुसत्या शेंगा सोलत शेजारी बसायच्या. एकदा रुचाने अधिकची खूण केली तशा म्हणाल्या, "खोड ते. वजा आहे."

"आजी, तुला कळलं तरी का ती काय म्हणाली? शी प्रेझ्ड हिम. स्तुती केली तिने."

"तोंडाने केली असेल स्तुती. फोटो बघ कसला लावलाय. जांभई देताना धरलाय बिचाऱ्याला. आणि ती निळ्या कोटाची बाई त्याचं नाव घेतलं की डावी भुवई उचलते, दुसऱ्याचं घेतलं की नाही उचलत. चार दिवस बघतेय मी."

रुचाने तुकडा तीनदा मागे नेऊन बघितला आणि खूण बदलली. दुसऱ्या दिवशी नकुलने तिच्या नजरेचं कौतुक केलं. तेव्हापासून बेसमेंटमध्ये आजीची खुर्ची कायमची झाली.

वर घरात मात्र दुसरीच मोजणी चालू होती. प्रताप, सुहासिनीबाईंचा मुलगा, गाड्यांच्या कारखान्यात अकरा वर्षं इंजिनिअर होता. ऑगस्टच्या शेवटी कारखान्याने चारशे माणसं एका ईमेलने घरी पाठवली, त्यात तो. व्हिसावरच्या माणसाला अशा वेळी साठ दिवस मिळतात. साठ दिवसांत दुसरी नोकरी नाही मिळाली तर देश सोडायचा. वीस वर्षं या देशात काढली होती त्याने. ग्रीन कार्डाच्या रांगेत एकदा उभा राहिला तर कंपनीच बंद पडली. मग नव्याने शेपटाशी. रुचा इथेच जन्मलेली. ती एकवीस वर्षांची झाली की आईबापांसाठी अर्ज करू शकली असती. ती आत्ता एकोणीसची होती. अंतरा, सून, रोज सकाळी चहा टाकायच्या आधी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर एक फुली मारायची.

प्रताप गराजमध्ये लॅपटॉप घेऊन बसायचा. घरात जागा नव्हती असं नाही. घरात माणसं होती.

गंमत अशी की एप्रिलमध्ये हाच उमेदवार, ज्याच्यासाठी रुचा टीव्ही बघत होती तो, डोक्यावर हेल्मेट घालून प्रतापच्या कारखान्यात येऊन गेला होता. इथली एकही नोकरी जाणार नाही, असं म्हणाला होता. आता शेजारच्या गावच्या शाळेत त्याची सभा होती आणि लोकांना प्रश्न विचारायची मुभा होती.

"जा आणि विचार," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"आई, मी व्हिसावर आहे. आमच्यासारख्यांनी मान वर काढायची नसते."

"वीस वर्षं मान खालीच आहे तुझी. काय सापडलं जमिनीवर?"

अंतरा म्हणाली, "आई, नका ना त्यांना डिवचू."

"डिवचत नाही गं. विचारतेय. बायकोपुढे रोज ताट सरकवून रुबाब करतो, तेवढा एकदा त्या साहेबापुढे कर म्हणावं."

प्रताप गेला. मुलाखतीला घालायचा आकाशी शर्ट सुहासिनीबाईंनी स्वतः इस्त्री करून दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहाच्या बातम्यांत तो शर्ट दिसला. हातात माइक. सुहासिनीबाई पुढे वाकल्या. प्रताप शांतपणे बोलत होता, हात न हलवता, जसा लहानपणी मास्तरांपुढे पाढे म्हणायचा तसा. एप्रिलमध्ये तुम्ही आमच्याच मजल्यावर उभे राहून बोललात, मी तुमच्यापासून दहा फुटांवर होतो, आज आम्ही चारशे जण बाहेर आहोत, तर तो शब्द कुठे गेला? उमेदवार आधी हसला. मग पाणी प्यायला. मग बाजूला बघितलं, कुणी हात पुढे करतंय का. अडतीस सेकंद.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. कुणी लिहिलं, प्रतापराव, वाघ आहात. गराजमध्ये बसलेला वाघ एकेक अंगठा उघडून बघत राहिला. त्या रात्री तो दोन पोळ्या जास्त जेवणार होता. पण ते नंतर. आधी पत्रक भरायचं होतं.

"इट्स अ मायनस, आजी. बिग मायनस."

"मग लाव."

"पण बाबा आहे तो."

"तो तुझा बाप आहे, माझा तर पोटचा आहे. जे दिसलं ते लिहायचं. यात हयगय नाही."

रुचाने वजाची खूण केली. सुहासिनीबाईंचं लक्ष मात्र शेवटच्या रकान्यावर गेलं होतं.

नवरा गेला तेव्हा पदरात दोन पोरं होती आणि तहसील कचेरीत निराधाराचा अर्ज आठ महिने पडून होता. सगळे रकाने भरलेले, सही, अंगठा, सगळं. मग एका कारकुनाने, त्याचं नावही त्यांना कधी कळलं नाही, शेऱ्याच्या रकान्यात दोन ओळी लिहिल्या. बाई एकटी आहे, लेकरं लहान आहेत, विचार व्हावा. पंधरा दिवसांत काम झालं. तेव्हापासून त्या ठाम होत्या. कागद वाचतो कोण, साहेब वाचतो तो शेरा.

"त्यात लिही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"हा माणूस कोण आहे ते. वीस वर्षं इथे राबला. व्हिसावर आहे, आता एकोणीस दिवस उरलेत. बायको आहे, मुलगी इथलीच आहे, तुमच्याच कचेरीत काम करते. साहेबाला कळू दे ना, कुणाला हसला तो."

"आजी, तो कॉलम त्यासाठी नसतो. इट्स फॉर काँटेक्स्ट. वीअर्ड होईल ते."

"तुझ्या बापाची गोष्ट वीअर्ड आहे का?"

जिन्याच्या वरून फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला आणि बंद झाल्याचा. दोघींच्याही डोळ्यांपुढे त्या दारावरचं कॅलेंडर आलं. मग रुचा टाइप करू लागली. भराभर, जणू स्वतःलाच थांबवायला वेळ मिळू नये. लिहून झाल्यावर तिने मराठीत वाचून दाखवलं. सुहासिनीबाईंनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाल्या, "खाली लिही, विचार व्हावा ही विनंती."

सातला दहा मिनिटं असताना पत्रक गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नकुलचा फोन आला. रुचा कॉलेजला निघायच्या घाईत, एका पायात बूट. फोन ठेवला तेव्हा तिचे डोळे चमकत होते.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ती नोट म्हणजे सोनं आहे. अँड दे आर गोइंग टू ॲड्रेस इट. आजच, टीव्हीवर बोलणार!"

सुहासिनीबाईंनी रवा भाजायला घेतला. शिऱ्यात हात सैल सोडून तूप घातलं, सून बघतेय हे माहीत असूनही. गुरुवारी प्रतापची ऑबर्न हिल्सला मुलाखत होती, सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत. तीही आता होईलच, त्यांनी मनात धरलं. एक दार उघडलं की दुसरं आपोआप हलतं.

"संध्याकाळी सहाला खाली येऊन बस," त्यांनी प्रतापला सांगितलं.

"कशाला?"

"आईने सांगितलं म्हणून."

सहाला सगळे खाली आले. अंतरासुद्धा, हातात फोन घट्ट धरून. पडद्यावर उमेदवाराच्या कचेरीची एक बाई आली, केस चापूनचोपून, ओठांवर हसू. सुहासिनीबाईंनी ते हसू ओळखलं. असं हसू त्यांनी खानावळीत बघितलेलं होतं, भरल्या पंगतीतून एखाद्याला उठवून त्याची जागा घेताना वजनदार गिऱ्हाइकं हसतात तसं. बाईच्या शेजारी प्रतापचा फोटो होता. बोलता बोलता मध्येच गोठवलेला, तोंड अर्धं उघडं, एक डोळा मिटलेला.

"काय म्हणते ती? रुचे, सांग ना काय म्हणते."

सांगितलं प्रतापने, एका सुरात, जणू दुसऱ्याच कुणाच्या गाडीतला दोष वाचून दाखवतोय. "म्हणते, हा माणूस मतदारच नाही. या देशाचा नागरिक नाही. व्हिसावर आहे आणि तोही संपत आलाय. अशा माणसाला प्रश्न विचारायला कोणी उभं केलं, याचा लोकांनी विचार करावा."

निळ्या कोटाची बाई मान डोलवत होती. दोन्ही भुवया जागच्या जागी.

"व्हिसाचं मी सभेत बोललोच नव्हतो," प्रताप म्हणाला. "यांना कुणी सांगितलं?"

"मी," सुहासिनीबाई म्हणाल्या.

"आय टाइप्ड इट, बाबा. मी लिहिलं." रुचाचा आवाज फाटला. "आय थॉट दे वुड..."

"तिचे नुसते हात. बोल माझे होते. मला वाटलं, साहेब वाचेल."

"वाचलं ना," प्रताप म्हणाला.

ओरडला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. उलट उत्तर द्यायला त्यांच्याकडे शब्दांची कधी कमी नव्हती. पण तो ओरडला नाही. पडद्यावर आता हवामान सांगत होते.

"एकोणीस दिवस राहिलेत, तेही लिहिलं होतं?"

"लिहिलं होतं."

त्याने मान हलवली, आकडा बरोबर आहे एवढंच तपासल्यासारखी. तेव्हा अंतराने फोन पुढे केला. त्यातला निरोप तिच्याकडे चार वाजल्यापासून होता. "गुरुवारचं त्यांनी कॅन्सल केलं. दुपारच्या बातम्यांत पण दाखवलं होतं म्हणे हे. कारण काही लिहिलेलं नाही."

प्रताप उठून वर गेला. त्याच्यामागे अंतरा. मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप शांत होता. कुणीतरी एका नाटकाच्या तिकिटांबद्दल विचारलं होतं, तेवढंच.

सातला बारा मिनिटं होती. रुचा हात मांडीखाली दाबून बसली होती.

"मी नाही भरणार हे. आय क्विट."

"सोड उद्या. चांगलंच आहे, सोड." सुहासिनीबाईंनी खुर्ची जवळ ओढली. "पण आजचं राहिलंय. काय झालं त्या तुकड्यात? त्यांच्या उमेदवाराला फायदा की तोटा?"

"आजी, प्लीज."

"मी विचारलं काय झालं?"

रुचा रडत होती. सुहासिनीबाईंनी तिच्याकडे बघितलं नाही. पडद्यावर तो तुकडा कापून तयार होता, प्रतापचं अर्धं उघडं तोंड आणि शेजारी ते हसू. कालच्या प्रश्नाचं आता कुणाच्या लक्षात राहणार नव्हतं, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

"अधिक," त्या म्हणाल्या. "लाव."

रुचाने खूण केली. मग बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं, सवयीने. तिने आजीकडे बघितलं.

"कोरा ठेव."

पत्रक गेलं. सुहासिनीबाई कठड्याला धरून एकेक पायरी वर चढल्या. गराजमध्ये प्रताप खोकी उघडून त्यांच्या तळाला चिकटपट्टी लावत होता, त्याचा करकर आवाज येत होता. त्या दारापर्यंत जाऊन परतल्या. मग आपल्या खोलीत गेल्या, पलंगाखालून मोठी बॅग ओढली आणि नागपूरच्या लोकांसाठी वर्षानुवर्षं न्यायच्या तशी घेऊन ठेवलेली बदामाची पाकिटं, चॉकलेटं, साबणाच्या वड्या एकेक करून गादीवर काढू लागल्या. बॅग रिकामी झाल्यावर ती फरफटत गराजपर्यंत नेली.

"तेवीस किलो बसतं यात," त्या म्हणाल्या. "तुमचं भरा."

प्रतापने वर न बघता बॅग घेतली आणि भिंतीशी, बाकीच्या खोक्यांच्या रांगेत लावून ठेवली.