दोन ठिपक्यांची कवळी

"बाहेरची बाजू लोकांची, आतली जिभेची. जीभ दिवसभर तिथेच जाते. आधी आतून घास, मग बाहेरून चमकव."

मुंगीचे बाबा जाऊन वर्ष झाले, पण ती मागच्या खोलीत कामाला बसली की मला हे वाक्य ऐकू येते. मुंगी म्हणजे आमची मुलगी. अंगाने एवढीशी आणि सतत काहीतरी उचलून नेणारी, म्हणून त्यांनीच ठेवलेले नाव. ते कवळ्या बनवायचे. दातांचे डॉक्टर तोंडाचे माप पाठवत, मी त्यात प्लास्टर ओतून साचा काढत असे आणि ते मेणात एकेक दात उभा करत.

त्या दिवशी सकाळी ती एका शिक्षिकाबाईंची मोडलेली कवळी जोडून घासत होती. सोमवारी बाईंच्या हातून पडून तिचे दोन तुकडे झाले होते. डागडुजीचे काम डॉक्टर पाहत नाहीत, ते आमच्याकडे परस्पर येते. चार दिवस बाई तोंडावर रुमाल धरून बोलत होत्या, आणि आज चार वाजता शाळेत त्यांचा निरोपसमारंभ होता. चौतीस वर्षांनंतर सगळ्या शाळेसमोर उभे राहून बोलायचे होते. मुंगीने त्यांना शब्द दिला होता, साडेतीनला स्वतः येऊन बसवून देते म्हणून.

चारच वाजता दंतमहाविद्यालयाच्या फॉर्मची खिडकीही बंद होणार होती.

मुंगीची सरासरी अठ्ठावन्न. पासष्टच्या खाली कोणाला घेत नाहीत. निकालाच्या दिवशी माझे दीर म्हणाले होते, "अठ्ठावन्न टक्के म्हणजे बत्तीसातले अठराच दात. तेवढेच शिकवतील तुला."

"उरलेल्या चौदांची मी कवळी करीन, काका," मुंगी म्हणाली होती.

पण एक पळवाट होती, नियमातच लिहिलेली. उमेदवाराने दोन वर्षे दातांचे हातकाम केले आहे असे एखाद्या दंतवैद्याने लिहून दिले, तर सरासरी बाजूला ठेवून त्याला हातपरीक्षेला बसू देतात. मेणाच्या ठोकळ्यातून तीन तासांत दाढ कोरायची. मुंगी ती गुणगुणत पाऊण तासात कोरते.

ती सरासरी का घसरली हे मला माहीत होते, आणि डॉक्टरांनाही. बाबांचा उजवा हात थरथरू लागला तेव्हा ती शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांत होती. काम सुटले असते तर बाबा आधीच संपले असते. म्हणून ती बसली. शाळेआधी, शाळेनंतर, परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा. बाबा प्रत्येक कवळीच्या आत मागच्या कोपऱ्यात टाचणीएवढा एक ठिपका कोरत. तिने दोन कोरायला सुरुवात केली. "माझ्या कामावर बाबांची खूण नको," एवढेच ती म्हणाली. शेवटच्या आठवड्यात ते माझा हात धरून म्हणाले, "हिला कॉलेजात धाड." मी हो म्हटले.

सकाळची प्रार्थना होईपर्यंत मी बोलत नाही. तो माझा एक नेम. दुसरा म्हणजे कोणाला लागेल असा शब्द बोलायचा नाही. दोन मुले हातची गेल्यावर ही जगली, त्या दिवशी घेतलेला. एकोणीस वर्षे पाळला होता.

डॉक्टरांनी तो हातकामाचा दाखला द्यायला अकरा दिवस लावले. "उद्या या," "परवा या," "पॅड संपलंय." शेवटच्या दिवशी, बारा वाजता, दवाखान्यातल्या मुलीने पाकीट हातात दिले. आम्ही पायरीवरच वाचले. 'सदर मुलगी वडिलांच्या कामात साफसफाई, साहित्याची ने-आण अशी किरकोळ मदत करीत असे. स्वभावाने नम्र आहे.'

मुंगीने कागद घडी घालून पाकिटात ठेवला. मी तो काढून घेतला आणि आत गेले.

"या वहिनी, बसा," डॉक्टर म्हणाले. "मिळालं ना पत्र?"

"यात साफसफाई लिहिलंय."

"मग काय लिहू? पेशंटच्या तोंडात शाळेतल्या मुलीनं केलेले दात बसवले म्हणून? उद्या माझ्या दारात रांग लागेल, दात परत घेऊन."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

ते हसले. "दोन ठिपके. मी आंधळा आहे का? खरं सांगू, त्यांच्यापेक्षा हात चांगला आहे हिचा. म्हणूनच सांगतो, पुस्तकं हिला झेपायची नाहीत. मार्क बोलतात ना. हे हात कॉलेजात वाया कशाला घालवायचे? खोलीत बसू दे तिला. काम मी देतो, कायमचं. मी आहे ना."

मार्क बोलतात म्हणे. ते मार्क घसरत होते तेव्हा ह्यांचे पेशंट तिच्या दातांनी जेवत होते. ती बीजगणित सोडून ह्यांच्या नावाच्या डब्या भरत होती. मी आवाज चढवला नाही. खालच्या सुरात विचारले, "डॉक्टर, तुमच्या आईच्या कवळीत किती ठिपके आहेत?"

त्यांनी समोरचा आरसा उचलला, पुसला, पुन्हा ठेवला.

"दोन," मी म्हणाले. "साचा मीच ओतला होता."

"वहिनी, बाहेर पेशंट थांबलेत."

दाराशी उभी असलेली मुंगी म्हणाली, "आई, चल."

महाविद्यालयाच्या खिडकीशी आमचा नंबर लागायला अडीच वाजले. आतल्या बाईंनी पत्र दोनदा वाचले. त्या वाईट नव्हत्या. "साफसफाई चालत नाही गं. हातकाम असं स्पष्ट हवं, सहीशिक्क्यानिशी. चारपर्यंत बदलून आण, मी बसलेय. पण तू स्वतः हवीस, फॉर्मवर सही समोर करावी लागते."

बाहेरच्या कट्ट्यावर मी चपला नीट केल्या. "चल. त्यांच्या दारात बसू. सगळ्या पेशंटांसमोर विचारते त्यांना. लिहून दिल्याशिवाय उठायचं नाही."

मुंगीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. "आई, शाळा तिकडे दुसऱ्या टोकाला आहे. मला निघायला हवं."

"आत्ता?"

"बाईंना शब्द दिलाय."

"डबी मला दे. मी देऊन येते."

"बसवायला हवी. हिरडीला टोचली तर तिथल्या तिथे घासावी लागते. तुला नाही येत ते."

"नकोच देऊ मग. राहू दे आज एक तोंड रिकामं. आपलं कोणी बघितलं?"

"डॉक्टरांनी नाही बघितलं, आई. बाईंनी काय केलंय?"

आणि मग ते माझ्या तोंडून गेले. डॉक्टरांसमोर गिळलेले, अकरा दिवस गिळलेले, सगळे तिच्यावर. "जा. बापासारखीच आहेस. दुसऱ्यांची तोंडं भरता भरता मर त्याच्यासारखी. अठ्ठावन्न टक्केवाली. तीच लायकी आहे तुझी."

मी ओरडले नव्हते. माझा आवाज नेहमीसारखाच हळू होता. त्यामुळे तिला प्रत्येक शब्द नीट ऐकू आला असणार.

कट्ट्यावर फॉर्म भरणारी दोन मुले मान वर न करता लिहीत राहिली. मुंगीचा चेहरा क्षणभर लहानपणी ताप चढल्यावर व्हायचा तसा झाला. वाटले, आता रडेल, किंवा उलट बोलेल. एक तरी ठिणगी माझ्यावर परत फेकेल. मला ती हवी होती.

तिने फॉर्म माझ्या मांडीवर ठेवला. वारा होता, म्हणून त्यावर माझाच हात नेऊन ठेवला. मग पिशवीतून डबी काढली, ओल्या कापडात गुंडाळलेली कवळी उलटी करून तळहातावर घेतली. बोटाचे टोक आतल्या बाजूने सावकाश फिरवले, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. एका जागी थांबली. पिशवीतली बारीक कानस काढली, तीनदा हलकेच घासले, फुंकर घातली, पुन्हा बोट फिरवले. बाहेरची बाजू तिने पाहिलीसुद्धा नाही.

"सात वाजेपर्यंत येते," ती म्हणाली. "तू जेवून घे. सकाळपासून उपाशी आहेस."

माझी जीभ त्या एकाच शब्दावर जात होती, लायकी. त्याला घासायला माझ्याकडे काही नव्हते.

ती फाटकाबाहेर पडली. डबी दोन्ही हातांनी छातीशी धरून, खड्डा आला की पाऊल जपून टाकत, ती शाळेच्या रस्त्याला लागली.