माझ्या पोटी वाढलेली लस

मी एक पेशी बोलतेय. एक म्हणायचं ते रीत म्हणून. खरं तर मी लाखोंनी आहे. गुलाबी पाण्याच्या चपट्या बाटलीत, तळाला चिकटून, अंगाला अंग लावून राहते. माणसाच्या शरीराइतकी ऊब, वेळेवर खाणं, आणि जागा मिळाली की एकीच्या दोन व्हायचं. त्यात माझा हात धरणारं कुणी नाही.

माझं काम ऐका. सर्दीचा एक विषाणू घेतात आणि वाढण्यासाठी लागणारं त्याचं जनुक काढून टाकतात. मग तो माणसाच्या शरीरात शिरला तरी तिथे वाढू शकत नाही. त्याच्यात एका जीवघेण्या तापाच्या विषाणूची ओळख पटेल एवढीच खूण घालतात. शरीराने ती खूण बघून आधीच सावध व्हावं, हा बेत. पण असा लंगडा विषाणू वाढवायचा कुठे? माझ्यात! त्याचं काढलेलं जनुक माझ्यापाशी आहे. तो माझ्यात शिरतो, भरभरून वाढतो आणि मी फुटते. माझे तुकडे गाळून, धुऊन काढतात. तो मात्र लशीच्या कुपीत जातो. फुटल्याचं दुःख मी करत बसत नाही. शेजारच्या बाटलीत मी असतेच.

मला सांभाळणारी संशोधक मोठी कडक. माझं झाकण उघडं असताना कुणी नुसतं खाकरलं तरी डोळे वटारते. बऱ्याच वर्षांच्या चाचण्यांनंतर लस लोकांना मिळू लागली, तेव्हा नेमकं तिच्याच घरात अडलं. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. गेल्या साथीत त्यांचा धाकटा भाऊ त्याच तापाने गेला होता. तरी ते लस घेईनात. शेवटी ती त्यांना प्रयोगशाळेतच घेऊन आली.

“माणसाच्या पेशींत वाढवलेलं मी टोचून घ्यायचं?” ते दारातूनच म्हणाले.

“आधी बघा तरी, बाबा. मग खुशाल नाही म्हणा.”

तिने माझी बाटली सूक्ष्मदर्शकावर ठेवली. बाबा खुर्चीवर बसले, सवयीने त्यांनी एक डोळा मिटला आणि ते वाकले.

“जिवंत आहेत?”

“हो.”

“कुणाच्या?”

“फार पूर्वी, जन्माला न आलेल्या एका बाळाच्या मूत्रपिंडातून घेतल्या होत्या. तेव्हापासून याच वाढत आल्यात.”

“त्याच्या आईला विचारलं होतं?”

“ते आता कुणालाच सांगता येत नाही, बाबा. तुमच्याशी खोटं कशाला बोलू?”

मला वाटलं, झालं, आता हे उठून चालायला लागणार. पण बाबा पुन्हा वाकले. “तिचं नाव तरी जपायला हवं होतं गं,” ते हळूच म्हणाले. “आभार कुणाचे मानायचे?” मग मान वर करून त्यांनी विचारलं, “आणि हे सगळं माझ्या अंगात जाणार?”

“नाही. पेशी काढून टाकतात. राहिलाच तर नावापुरता अंश, आणि तोही आम्ही तपासतो.”

“तुझ्या काकाच्या वेळी ही लस असती तर?”

“कदाचित वाचले असते.”

“कदाचित?”

“हो. कदाचितच.”

बाबा खुर्चीवरून उठले. “नक्की म्हणाली असतीस ना, तर मी सरळ घरी गेलो असतो. चल, कुठे टोचतात ते दाखव.”

दुसऱ्या दिवशी ती हसतच कामावर आली. “बाबांना अंगात कणकण आहे, दंड दुखतोय,” ती सोबतच्यांना सांगत होती, “आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावून बोलावून तो दंड दाखवणं चाललंय!”

मी अजून कामावर आहे. माझ्यातल्या काही जणी गोठणाऱ्या थंडीत निजवून ठेवल्या आहेत. उद्या नवा आजार आला की त्यांना उठवतील आणि त्या वाढू लागतील. मी कुठून आले असं विचारणाऱ्यांवर माझा राग नाही. जरूर विचारा. फक्त उत्तर ऐकायला थांबा.